आवळे मॅडमचे दोन प्रश्न

आमच्या कॉलेजात मराठी शिकवणारे आम्ही सगळे घरची बोली वर्गाच्या दाराबाहेर काढून ठेवायचो. स्टाफरूममध्ये ‘काय करून राहिले गा?’ म्हणणारा माणूस फळ्यासमोर उभा राहिला की थेट पुण्याचा व्हायचा. आवळे मॅडमही वर्गात स्वच्छ प्रमाण मराठी बोलायच्या. पण घरचा एक शब्द त्यांनी आत नेला होता आणि तो कधी सोडला नाही. काहून.

‘‘‘का’ विचारलं की पोरं पाठ केलेलं उत्तर देतात,’’ त्या म्हणायच्या. ‘‘‘काहून’ विचारलं की घरच्यासारखं खरं बोलतात.’’

रूथ आवळे. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, चष्मा बुटाच्या काळ्या नाडीने गळ्यात अडकवलेल्या. नागपूरच्या नंदनवन भागातल्या घरून स्कूटीने यायच्या. हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून जिना चढायच्या आणि स्टाफरूममध्ये ते टेबलावर उलटं ठेवायच्या. मग दिवसभर ते हेल्मेट म्हणजे त्यांची टोपली. त्यात किल्ल्या, खडू, मोबाइल आणि फुटाण्यांची पुडी. बोलता बोलता हात हेल्मेटमध्ये जायचा आणि कधी फुटाण्याऐवजी खडूचा तुकडा तोंडाजवळ यायचा. माझं टेबल त्यांच्यासमोर होतं. मी तेव्हा नवा होतो, उमरेडहून आलेला, आणि कोणाशी काय बोलावं याचा अंदाज घेत होतो. त्यांनी पहिल्याच दिवशी हेल्मेट माझ्याकडे सरकवलं. ‘‘घ्या मेश्राम. खडू सोडून काहीही.’’

एम.ए.ला त्या एक घटक शिकवायच्या : साहित्यातली ख्रिस्ती प्रतीकं आणि ख्रिस्तसदृश पात्रं. हा घटक मुलांना फार आवडे, कारण तो सोपा वाटे. इंटरनेटवरून उतरवलेली एक यादी पिढ्यान्‌पिढ्या फिरत होती. नायक निरपराध असावा, त्याला मित्राने दगा द्यावा, त्याने निमूट सोसावं, मरताना जमल्यास हात पसरावेत. कथेतल्या पात्राने हात पसरले रे पसरले की मुलं पेन उचलायची.

‘‘हात तर चौकातला ट्रॅफिक पोलीसही पसरतो,’’ मॅडम म्हणायच्या. ‘‘म्हणून त्याला क्रूसावर चढवणार का? हा ख्रिस्त आहे म्हणता, काहून?’’

‘‘मॅडम, तो खूप सोसतो.’’

‘‘सोसणारे तर तुमच्या गल्लीत घरटी एक आहेत. यानं सोसणं निवडलं की याच्यावर लादलं? आणि लादलं असेल तर खिळे कोणी मारले? त्यांची नावं लिहा आधी.’’

खिळे कोणी मारले, हा त्यांचा प्रश्न. परीक्षेत तो कधी यायचा नाही, पण उत्तरपत्रिकेच्या समासात त्यांच्या पेन्सिलीने हमखास लिहिलेला असायचा. मुलं चिडून म्हणायची, या बाई स्वतः ख्रिस्ती, दर रविवारी चर्चला जाणार, आणि आम्हाला एकही ख्रिस्त सापडू देत नाहीत.

मला मात्र तो प्रश्न ओळखीचा वाटायचा. एकदा मी तसं बोललो. त्या लगेच म्हणाल्या, ‘‘वाटणारच. तुमच्या आजोबांनी छपन्न साली दीक्षा घेतली न? तुमच्या घरी दुःख आहे म्हणून कोणी हात जोडून थांबत नाही. त्याचं कारण विचारतात. आमच्याकडे दुःख दिसलं की आधी भजन म्हणतात.’’ आणि मग फुटाणे चावत, जरा वेळाने, ‘‘मीही म्हणते. भजनं चांगली आहेत आमची.’’

एका वर्षी त्यांच्या विरोधात तक्रार आली. वर्गातल्या एका मुलीचे वडील, देशकर, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, जुन्या नागपुरातल्या भोसल्यांच्या काळापासूनच्या घराण्यातले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये अभ्यासक्रमाची झेरॉक्स. प्राचार्यांच्या केबिनमध्ये ते म्हणाले, साहित्याच्या नावाखाली धर्म शिकवणं चाललं आहे, आणि हे थांबलं नाही तर आपण वर जाऊ. हल्ली अशा तक्रारीचं काय होऊ शकतं ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. प्राचार्यांनी मॅडमला बोलावून अगदी मऊ आवाजात सुचवलं, यंदा हा घटक जरा वरवर घ्या.

मॅडम सरळ देशकरांकडे वळल्या. ‘‘तुम्ही वर्गात येऊन बसा. मी काय शिकवते ते ऐका आणि मग वर जा. वर जायला ऐकलेलं उपयोगी पडेल.’’

ते खरंच आले. पाण्याची बाटली घेऊन शेवटच्या बाकावर, मुलीपासून शक्य तितके लांब बसले. मुलगी बिचारी मान खाली घालून. त्या दिवशी मला तास नव्हता. काही वाढलंच तर सोबत असावं म्हणून मीही मागे जाऊन बसलो.

मॅडमनी त्या दिवशी अटकेच्या रात्रीची गोष्ट घेतली. कोणत्या कादंबरीत ती कशी येते हे सांगण्याआधी त्या मूळ गोष्ट सांगायच्या, आणि ती इथलीच असल्यासारखी सांगायच्या. आत चौकशी चालली आहे. बाहेर आवारात थंडी, शिपायांनी शेकोटी पेटवलेली. पकडलेल्या माणसाचा सगळ्यात जवळचा मित्र त्या शेकोटीवर हात शेकतो आहे. कोणीतरी विचारतं, तू त्याच्यासोबतचा न? तो म्हणतो, नाही बा, मी त्याला ओळखतच नाही. पुन्हा विचारतात, पुन्हा नाही म्हणतो.

शेवटच्या बाकावरून आवाज आला. ‘‘मग त्या मित्राचं पुढे काय केलं? हाकललं त्याला?’’

सगळा वर्ग मागे वळला. मॅडम म्हणाल्या, ‘‘नाही. नंतर एका पहाटे तो मित्र आणि त्याचे सोबती तळ्यावरून रिकामं जाळं घेऊन परतत होते. काठावर एक माणूस निखाऱ्यांवर मासे भाजत बसला होता. हाता-पायाला खिळ्यांच्या जखमा. त्यानं हाक मारून त्यांना न्याहारीला बसवलं. जाब विचारला नाही. खाणं झाल्यावर फक्त एवढंच विचारलं, माझ्यावर जीव आहे न तुझा?’’

मॅडम म्हणाल्या, ‘‘आता मला सांगा. जगभरच्या लेखकांनी या गोष्टीतला क्रूस उचलला. जो उठतो तो आपल्या नायकाला क्रूसावर चढवतो. ही न्याहारी मात्र फारच थोड्यांनी उचलली. काहून?’’

देशकर उठून उभे राहिले, कचेरीत साहेबांसमोर राहतात तसे. ‘‘मॅडम, मरणं लिहिणं सोपं असते. मेल्यावर परत येऊन त्याच लोकांसोबत जेवाले बसणं कठीण. ते लिहायचं म्हणजे लेखकाच्या मनात राग नाही पाहिजे.’’

मॅडमनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं आणि खाली ‘देशकर साहेब’ असं नाव घातलं. मुलीने पहिल्यांदा मान वर केली.

तक्रार मागे घेतली वगैरे काही झालं नाही. अर्ज कुठेतरी पडून राहिला. देशकर मात्र सत्र संपेपर्यंत येत राहिले आणि कर्म आणि क्षमा या दोन मुद्द्यांवर मॅडमशी मनसोक्त भांडत राहिले. दोघांचंही एकमेकांशी पटलं नाही. पण तास संपल्यावर ते भांडण जिन्यावरून खाली स्कूटीपर्यंत जायचं, आणि हेल्मेटमधले फुटाणे दोघं मिळून संपवायचे.

त्यानंतरच्या वर्गात स्वाती नन्नावरे होती. भिवापूरची. नागपुरात वसतिगृहात राहायची, बोलायची कमी, बसायची खिडकीपाशी. मॅडमनी मुलांना एक निबंध दिला होता : तुम्ही वाचलेल्या किंवा ऐकलेल्या कोणत्याही गोष्टीतलं एक पात्र घ्या, ते ख्रिस्तसदृश आहे की नाही ते लिहा. बहुतेकांनी नेहमीची पुस्तकं घेतली. स्वातीने एका ऐकलेल्या गोष्टीवर लिहिलं. मिरचीच्या वावरातली विहीर. उन्हाळ्यात गाळ काढायला एक गडी उतरतो आणि आत बेशुद्ध पडतो. विहिरीत विषारी वायू साचलेला असतो. मालक त्याला काढायला उतरतो. दोघंही वर येत नाहीत. दुसऱ्यासाठी प्राण देणारा हा माणूस ख्रिस्तसदृश आहे, असा निबंधाचा शेवट होता.

मॅडमनी समासात लिहिलं : ‘बंद पडलेल्या विहिरीत वायू असतो हे गावात सगळ्यांना माहीत असतं. तरी गड्याला उतरवलं हा निष्काळजीपणा. नंतरचं मरण ही दुर्घटना. तिला बलिदान म्हटलं की पहिली चूक झाकली जाते. खिळे कोणी मारले?’

दुसऱ्या दिवशी स्वाती स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. हातात तो कागद.

‘‘मॅडम, हा माझा बाप होता.’’

मॅडमचा हात हेल्मेटमध्येच राहिला.

‘‘निष्काळजी नव्हता तो,’’ स्वाती म्हणाली. आवाज चढला नव्हता. ‘‘तुम्हाले ख्रिस्त द्यायचा नव्हता तं नका देऊ. पण खिळे त्यानं नाही मारले.’’

मॅडम उठून दारापर्यंत पोचेस्तोवर ती जिना उतरून गेली होती. पुढच्या तासाला ती आली नाही, नंतरच्याही नाही. वसतिगृहातल्या मुली म्हणाल्या, गावी गेली. फोन लागत नव्हता. मॅडम तास घ्यायच्या, पण त्या आठवड्यात ‘काहून’ ऐकू आलं नाही. मग एका शनिवारी त्या मला म्हणाल्या, ‘‘मेश्राम, तुम्ही त्या रस्त्याचे. भिवापूरच्या बसमध्ये उद्या सोबत येता का?’’

त्या रविवारी त्या चर्चला गेल्या नाहीत. त्यांच्या लेखी ही लहान गोष्ट नव्हती.

बसमध्ये त्यांनी खिडकी घेतली. उमरेड येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. माझ्या गावातून मी न उतरता पुढे जातो आहे याचं मला उगाच अवघडल्यासारखं वाटत होतं. उमरेड सुटल्यावर त्या खिडकीबाहेर बघतच बोलू लागल्या.

‘‘माझी आई दवाखान्यात नर्स होती. ड्युटी करून घरी यायची आणि मार खायची. वडील चर्चच्या कमिटीवर होते, चांगला गळा होता त्यांना. आई कोणापाशी बोलली नाही. ती गेली तेव्हा पाळक म्हणाले, या भगिनीने आपला क्रूस शेवटपर्यंत निमूट वाहिला. सगळे रडले. वडीलही रडले. मी पहिल्या रांगेत बसले होते आणि मनात म्हणत होते, अहो, तो क्रूस नव्हता. तो हा इथे बसलेला माणूस होता.’’

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

‘‘तेव्हापासून कोणी कोणाला ख्रिस्तासारखं म्हटलं की मी आधी आजूबाजूला बघते, हातोडा कोणाच्या हातात आहे म्हणून,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण त्या पोरीच्या निबंधात मी तिच्या बापाला बघितलंच नाही, मेश्राम. माझ्याच बापाला शोधत बसले.’’

स्वातीचं घर सापडायला वेळ लागला नाही. घरी कोणी नव्हतं. शेजारणीने सांगितलं, मायलेकी सातऱ्यावर आहेत. सातरा म्हणजे मिरची वाळवून तिचे देठ काढायचं आवार. लांबूनच तो लाल पट्टा दिसला आणि पाठोपाठ मिरचीचा खकाणा नाकात शिरला. बायका ओळीने बसून मिरच्या खुडत होत्या. मॅडमना शिंकांवर शिंका येऊ लागल्या, डोळ्यांतून धारा. बायका हसल्या. एकीने पदर नाकाला कसा लावायचा ते दाखवलं.

स्वाती उठून आली. चेहरा कोरा. तिच्या मागून तिची आई, इंदूबाई, हात पदराला पुसत आली. मॅडमनी त्या अवस्थेतच, नाक-डोळे पुसत, सांगून टाकलं, ‘‘मी तिची शिक्षिका. मी तुमच्या घरच्यांबद्दल माहीत नसताना कागदावर वाईट लिहिलं. ते सांगायला आले.’’

इंदूबाईने लेकीकडे पाहिलं. तिने घरी काही सांगितलं नव्हतं हे उघड होतं.

‘‘काय लिवलं?’’

स्वातीने सांगितलं. मॅडमनी काही सावरून घेतलं नाही. ‘निष्काळजी’ हा शब्द स्वातीने उच्चारला तेव्हाही नाही.

इंदूबाई आम्हाला बाजूच्या टिनाच्या शेडमध्ये घेऊन गेली. बसायला पोतं टाकलं. आणि मग, कोणी विचारलं नसताना, बोलू लागली.

‘‘म्या दोर धरला होता, बाई. गडी खाली गेला अन् आवाज बंद झाला. याले म्हटलं, नको उतरू, मानसं बोलावतो. तं म्हणे, मीच त्याले पाठवलं न वं. मीच पाठवलं तं आणाले कोण जाईन? असं म्हणे अन् उतरला. दोर माह्या हातात. मंग दोर ढिला पडला.’’

स्वाती आईकडे बघत होती. हे तिने पूर्वी ऐकलेलं नसावं, निदान असं नाही.

मॅडम म्हणाल्या, ‘‘म्हणजे त्यांना आपली चूक माहीत होती. आणि ते जाणून उतरले.’’

‘‘हो न.’’

‘‘मग मी चुकले,’’ मॅडम म्हणाल्या. ‘‘ते निवडणं होतं.’’

माझ्या मनात आलं, झालं, आता इंदूबाईला बरं वाटेल. पण झालं उलटंच.

‘‘निवडलं म्हणता तं माह्याकडून लिवून घ्या,’’ इंदूबाईचा आवाज एकदम करकरीत झाला. ‘‘गावात जो येते तो म्हणते, देवमानूस होता. त्या गड्याची बायकोबी म्हणते. मले देवमानूस नाही पाहिजे होता, बाई. मले तो पाहिजे होता. त्यानं त्या गड्याले निवडलं, विहिरीले निवडलं. मले अन् या पोरीले नाही निवडलं. मले राग येते त्याचा. अजून येते. कोनाले सांगू? देवमानसावर राग कसा काढाव?’’

स्वाती म्हणाली, ‘‘आई.’’ एवढंच. आणि मग, ‘‘मलेबी येते.’’

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मॅडम पोत्यावर बसून होत्या, हात मांडीवर. त्या म्हणाल्या, आणि वर्गातल्या मराठीत नाही, ‘‘त्याच्या मायलेबी आला असन. ज्याले क्रूसावर टांगलं त्याच्या. ती खाली उभी होती, एवढंच लिवलं आहे. ती काय बोलली ते लिवलंच नाही कोणी. राग आला असन तिले. काहून नाही येनार?’’

इंदूबाईने विचारलं, ‘‘तुमच्या देवाची माय?’’

‘‘हो.’’

‘‘मंग ती बसली असन न उपाशी,’’ इंदूबाई म्हणाली. ‘‘चला, घरी चला. चून-भाकर करतो. तुम्ही बी सकाळचे निंगाले असान.’’

आम्ही जेवलो. डाळीच्या पिठाचा झणझणीत चून, वर नव्या मिरचीचा ठेचा. मॅडमच्या डोळ्यांतून पाणी वाहतच होतं आणि ते मिरचीचं आहे की नाही हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. जेवताना स्वाती तिच्या बापाबद्दल बोलत होती. त्याला पोहायला येत नव्हतं आणि तरी पोराबाळांसमोर तो तळ्यात उडी मारायची बतावणी करायचा. त्याला भात आवडायचा नाही. टीव्हीवर कुस्ती लागली की तो खाटेवर बसल्या जागी डावपेच लढायचा आणि एकदा खाटेची लाकडी पट्टी मोडली होती. इंदूबाई हसली. मॅडम म्हणाल्या, ‘‘हे त्या निबंधात नव्हतं, स्वाती. तू त्याला थेट विहिरीपाशी आणलंस. त्याच्याआधी तो जेवत होता, कुस्ती बघत होता. आधी तो माणूस मला दाखव. मग तू त्याला काय म्हणशील ते मी ऐकेन.’’

स्वाती पुढच्या आठवड्यात परत आली. निबंध तिने पुन्हा लिहिला की नाही मला ठाऊक नाही. पण एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी तिने विषय घेतला तो क्रूसाखाली उभ्या राहिलेल्यांचा : मराठी कथांमध्ये दुसऱ्यासाठी मरणाऱ्या पात्राच्या घरच्यांचं काय होतं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले एक गृहस्थ म्हणाले, विषय मूळ घटकाच्या जरा बाहेर जातो आहे. मॅडम म्हणाल्या, ‘‘घटकच लहान होता, सर.’’ आता स्वाती उमरेडला ज्युनिअर कॉलेजात शिकवते.

मॅडमच्या वर्गातही एक बदल झाला. ‘खिळे कोणी मारले?’ होतंच. त्याच्या खाली आता दुसरी ओळ येऊ लागली : ‘खाली कोण उभं होतं?’ मुलं पूर्वीपेक्षा जास्त वैतागली, कारण आता दोन प्रश्न झाले होते. निवृत्तीपर्यंत त्यांनी हे दोन्ही प्रश्न विचारले.

निवृत्तीनंतर फार दिवस गेले नाहीत आणि त्यांच्या किडन्या थकल्या. डायलिसिस सुरू झालं. भाची शलोमी त्यांच्याकडे राहायला आली. मी नंदनवनात अधूनमधून जायचो. हेल्मेट कपाटावर गेलं होतं आणि फुटाणे बंद होते. पण सगळ्यात कठीण गोष्ट पाण्याची होती. दिवसाचं पाणी मोजून मिळायचं. नागपूरचा उन्हाळा, बाहेर चाळीस अंशांचं ऊन, आणि त्या कोपऱ्यातल्या कूलरच्या टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकत बसायच्या. कधी बर्फाचा तुकडा चोखायच्या. तक्रार करायच्या, भरपूर करायच्या. डॉक्टरवर, शलोमीवर, डासांवर, नव्या अभ्यासक्रमावर.

एकदा मला भरून आलं आणि मी म्हणालो, ‘‘मॅडम, तुम्ही ज्या पद्धतीने हे सगळं सहन...’’

‘‘मेश्राम!’’ त्यांनी बोट वर केलं. ‘‘मले काही बनवू नका हं. मी सहन करून नाही राहिली. मी कंटाळली आहे.’’

त्यांच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेला दुपारी लांब उपासना असते. क्रूसावरून उच्चारलेली सात वचनं एकेक वाचतात आणि प्रत्येकावर कोणीतरी बोलतं. मॅडमना दर वर्षी विचारलं जायचं आणि दर वर्षी त्या टाळायच्या. त्या वर्षी त्यांनी स्वतःच पाळकांना निरोप पाठवला : पाचवं मला द्या. पाचवं वचन म्हणजे तहान लागल्याचं.

मी गेलो होतो. देशकरही आले होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि स्वाती होती, इंदूबाईला घेऊन. पंखे गरम हवा ढकलत होते. आधीचे वक्ते तयारी करून आलेले, एकेकाचं चांगलंच लांबलं. मॅडमचं नाव पुकारल्यावर शलोमीने त्यांना धरून पुढे नेलं. त्या उभ्या राहू शकत नव्हत्या, म्हणून खुर्ची ठेवली होती. माइक त्यांच्या तोंडाशी आणला. हातात कागद नव्हता.

‘‘मी खूप वर्षं हे वचन शिकवलं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तहान म्हणजे काय काय असू शकतं ते मुलांना सांगितलं. न्यायाची तहान. माणसांच्या प्रेमाची तहान. देवाची तहान. पुस्तकांत ती कुठे कुठे येते तेही सांगितलं. ते सगळं बरोबर असेल. मी ते खोडत नाही.’’

थांबल्या. जीभ ओठांवरून फिरवली. ओठ कोरडेच राहिले.

‘‘या वर्षी मला कळलं की त्याला तहान लागली होती. जीभ टाळूला चिकटते. थुंकी गिळता येत नाही. दुसऱ्या खोलीत कोणी ग्लास ठेवला तरी ऐकू येतं. तेव्हा माणसाला कशाचंही प्रतीक व्हायचं नसतं. त्याला पाणी पाहिजे असतं. आणि ते त्यानं मागितलं. तो गप्प राहिला नाही, एवढं लक्षात ठेवा. तुमच्या घरात कोणी मागत असेल तर त्यांना सोशिक व्हायला सांगू नका. उठा आणि द्या.’’

संपलं. लोक अजून सावरून बसत होते. पाळकांनाही कळेना की पुढचं गीत सुरू करायचं का. माझ्या शेजारी इंदूबाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. देशकर पुटपुटले, ‘‘एवढंच?’’ आणि मग स्वतःशीच, ‘‘बरोबर आहे.’’

पावसाळा लागायच्या आत त्या गेल्या. त्या दिवसानंतर माझी-त्यांची भेट झाली नाही. म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आहेत त्या त्याच दुपारच्या, उपासना संपल्यानंतरच्या. चर्चच्या आवारात कडुलिंबाखाली त्यांना खुर्ची दिली होती. माणसं भेटायला येत होती, बोलत होती, आणि त्या मान डोलावत होत्या, पण लक्ष वऱ्हांड्याकडे. तिथे लाल फडकं गुंडाळलेला माठ होता. शलोमीने तोंड वाकडं केलं, मग घड्याळाकडे पाहिलं, मग गेली आणि स्टीलचा छोटा पेला अर्धा भरून आणला.

मॅडमनी पेला दोन्ही हातांत धरला. लगेच प्यायल्या नाहीत. मग एक घोट घेतला आणि तो तोंडातच ठेवला, गाल किंचित फुगवून, लहान पोर ठेवतं तसा. समोर देशकर काहीतरी मुद्दा मांडत होते. मॅडमनी त्यांना हातानेच थांबवलं. डोळे मिटले. बराच वेळ. मग गळ्याची हालचाल झाली.

त्यांनी डोळे उघडले आणि शलोमीला म्हणाल्या, ‘‘वाळा टाकला आहे वं माठात.’’